इंग्रजी शब्द फोडायची कार्डं : ३९० रुपयांत काय मिळालं आणि काय चुकीचं छापलंय

आधीच सांगून टाकते, ही कार्डं घेतली पोरासाठी आणि वापरतेय मी. त्यामुळे हा रिव्ह्यू सातवीतल्या मुलाच्या आईचा कमी आणि पॅथॉलॉजी लॅबमध्ये अकरा वर्षं रिपोर्ट टाईप करणाऱ्या बाईचा जास्त आहे असं समजून वाचा.

झालं असं, जूनमध्ये वह्या-पुस्तकं आणायला पुण्यात अप्पा बळवंत चौकात गेलो होतो, नेहमीची गर्दी, वरून पाऊस, एका हातात छत्री दुसऱ्या हातात पिशवी, आणि एका दुकानाच्या काउंटरवर हा डबा दिसला. रूट वर्ड कार्ड्स, १८० कार्डं, मराठी अर्थासह. छापील किंमत ४५०, मागे लागल्यावर ३९० ला मिळाला. कुणी छापलाय ते मुद्दाम लिहीत नाही कारण खाली चुका काढणार आहे आणि मला कुणाशी भांडण नकोय. मी जे सांगतेय ते असला कुठलाही डबा घेताना तपासून बघता येईल.

आयडिया साधी आहे. शब्द आख्खा पाठ करायचा नाही, फोडायचा. निळी कार्डं शब्दाच्या पुढे लागणाऱ्या तुकड्यांची, पिवळी मुळांची, लाल शेवटी लागणाऱ्यांची. शाळेत आपण उपसर्ग, धातू, प्रत्यय म्हणायचो तेच. प्रत्येक कार्डावर समोर तुकडा, मागे मराठी अर्थ आणि चार-पाच उदाहरणं.

पोराने पहिल्या दिवशी तासभर खेळून डबा बाजूला टाकला. मी रात्री भांडी आवरून सहज चाळायला घेतला आणि लाल कार्डांत 'पेनिया' सापडलं. मागे लिहिलेलं, ग्रीक, अर्थ गरिबी, कमतरता. मी तिथेच थांबले. पावसाळ्यात डेंग्यूचे पेशंट सुरू झाले की दिवसातून वीस-वीस वेळा मी थ्रॉम्बोसायटोपेनिया टाईप करते, अकरा वर्षं करतेय, आणि माझ्यासाठी तो एक लांबलचक मालगाडीसारखा शब्द होता, डबे मोजत टाईप करायचा. आता बघा, थ्रॉम्बो म्हणजे रक्ताची गुठळी, सायटो म्हणजे पेशी, पेनिया म्हणजे गरिबी. गुठळी करणाऱ्या पेशींची गरिबी! म्हणजे प्लेटलेट्स कमी झाल्यात, बस. मग ल्युकोपेनिया, ल्युको म्हणजे पांढरा, पांढऱ्या पेशींची गरिबी. आणि ऑस्टिओपेनिया, ऑस्टिओ म्हणजे हाड. हाडांची गरिबी, हे तर आमच्या सोसायटीतल्या निम्म्या बायकांना आहे.

एका कार्डात तीन शब्द सुटले. त्या रात्री मी साडेबारापर्यंत बसले होते, नवरा म्हणाला अगं परीक्षा तुझी आहे का त्याची.

प्लेटलेट पण फोडून बघा, प्लेट अधिक 'लेट', लेट म्हणजे छोटं. बुकलेट म्हणजे छोटं बुक, आपण पुस्तकाची पुस्तिका करतो तसं. प्लेटलेट म्हणजे छोटीशी ताटली. ताटुकली.

स्पेलिंगचं तर विचारूच नका. डायरिया आणि हेमरेज या दोन शब्दांनी मला नोकरीच्या पहिल्या वर्षी रडवलंय, मध्येच डबल आर आणि वर एच, का म्हणून? तर डायरियात 'डाया' म्हणजे आरपार आणि पुढचा तुकडा म्हणजे वाहणं, आणि हेमरेजमध्ये 'हेमो' म्हणजे रक्त आणि पुढचा तुकडा म्हणजे फुटणं, फुटून बाहेर येणं. दोन्ही ग्रीक तुकडे आर-एच ने सुरू होतात आणि मागे काही चिकटलं की आर डबल होतो. एवढंच. हे मला कुणी तेव्हा सांगितलं असतं तर मॅडमची बोलणी वाचली असती. तसंच 'साईन' मधला जी. उच्चारात नाही पण लिहायचा, कारण सिग्नल आणि सिग्नेचर मध्ये तो बोलतो. 'बॉम्ब' चा शेवटचा बी गप्प आणि 'बॉम्बार्ड' मध्ये खणखणीत. म्हणजे इंग्रजी स्पेलिंग आपल्याला वाटतं तेवढं वेड्यासारखं नाहीये, बऱ्याचदा ते उच्चार सांभाळत नाही, नातं सांभाळतं.

आता सासूबाई. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवायच्या, रिटायर होऊन बारा वर्षं झाली पण आवाज तोच. मी 'पोर्ट' चं पिवळं कार्ड पोराला समजावत होते, पोर्ट म्हणजे वाहून नेणं, मग इम्पोर्ट आत आणणं, एक्सपोर्ट बाहेर नेणं, ट्रान्सपोर्ट इकडून तिकडे नेणं, पोर्टेबल म्हणजे नेता येण्यासारखं, रिपोर्ट म्हणजे परत आणून सांगणं (माझा पगार या कार्डावर चालतो). सोफ्यावरून आवाज आला, "अगं हे तर हार आहे." मी म्हटलं, "अहो आई, कसला हार?" तर म्हणाल्या, "हृ धातू. नेणे. प्रहार, आहार, विहार, संहार, परिहार. उपसर्ग बदलला की अर्थ पार कुठच्या कुठे जातो, मी दर वर्षी फळ्यावर लिहायचे."

हृ म्हणजे नेणं. पोर्ट म्हणजे नेणं. मी दोघांकडे आळीपाळीने बघत बसले. कार्ड बनवणाऱ्याने मराठी अर्थ छापलाय पण ही गोष्ट त्याला सुचली नाही, मराठी मुलांसाठी डबा काढलाय तर मराठी व्याकरण त्याला जोडायचं ना राव. तिथून पुढे आमच्या घरी हा खेळ तीन जणांचा झाला.

उदाहरणार्थ डब्यात इन, इम, इल, इर अशी चार वेगळी निळी कार्डं आहेत, चौघांच्या मागे अर्थ एकच, नाही. मी पोराला चार पाठ करायला सांगितली. सासूबाई म्हणाल्या, चार कशाला, एकच आहे, पुढचं अक्षर बघून तोंड बदलतंय. इन अधिक पॉसिबल, प च्या आधी ओठ मिटतात म्हणून न चा म झाला, इम्पॉसिबल. ल आला की इल्लीगल, र आला की इर्रेग्युलर. उत् अधिक लेख उल्लेख होतो, सत् अधिक जन सज्जन होतो, तेच. संधी! सातवीतल्या पोराच्या चेहऱ्यावर संधी हा शब्द ऐकून आनंद दिसला असं मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. पण ग्राहक म्हणून माझं म्हणणं असं की हे १८० आकडा फुगवायचं काम आहे. असे जुळे-तिळे बाजूला काढले तर १५० पण भरत नाहीत, मी मोजलेत.

आणि 'अ' चं कार्ड. ग्रीक अ म्हणजे नाही, पुढे स्वर आला की तो अन होतो. एथिईस्ट मध्ये नुसता अ, अनीमिया मध्ये अन. आता मराठी बघा, अशक्य, अन्याय, पण आवश्यकच्या आधी अन्, अनावश्यक. अनादर. नियम तोच, कारण मुळात शब्दच एक. ग्रीकचा अन, लॅटिनचा इन, इंग्रजीचा स्वतःचा अन म्हणजे अनहॅपी मधला, आणि संस्कृतचा अ-अन्, चौघं एकाच घरातले, हजारो वर्षांपूर्वी वेगळे राहायला गेलेले भाऊ. पोराने लगेच विचारलं मग 'ॲन ॲपल' मधला ॲन पण तोच का. नाही रे बाबा, तो 'वन' चा भाऊ, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. (हे मात्र मला नेटवर बघून सांगावं लागलं.)

सेमी इंग्लिशच्या पालकांनी हा भाग नीट वाचा. आमच्याकडे गणित-विज्ञान इंग्रजीतून आणि बाकी मराठीतून, त्यामुळे पोराला विज्ञानाचे शब्द म्हणजे मंत्र वाटतात, घोकून टाकायचे. घरात आमचं जुनं मराठी पुस्तक होतं ते शेजारी ठेवलं. फोटोसिंथेसिस, फोटो म्हणजे प्रकाश, सिन म्हणजे एकत्र, थेसिस म्हणजे ठेवणं, मांडणं. मराठीत प्रकाशसंश्लेषण. प्रकाश, सं, श्लेषण. तुकड्याला तुकडा! ज्याने कुणी हा मराठी शब्द केला त्याने आधी इंग्रजी शब्द फोडला असणार आणि मग आपल्या विटांनी बांधला असणार. थर्मोमीटर, तापमापी. इक्विलॅटरल, समभुज. कार्निव्होर, मांसभक्षी. ज्या मराठी शब्दांना आपण 'किती अवघड' म्हणून हसतो ते खरं तर त्या इंग्रजी शब्दाचं गाईड आहे, फुकटातलं.

गंमत भूमितीत झाली. क्वाड्रिलॅटरल मध्ये इंग्रजी बाजू मोजतं, आपण म्हणतो चौकोन, म्हणजे कोन मोजतो. आणि पॉलिगॉन मध्ये गॉन म्हणजे कोन, तिथे इंग्रजी कोन मोजतं आणि आपण म्हणतो बहुभुजाकृती, बाजू मोजतो. नेमकं उलट. ट्रँगल आणि त्रिकोणावर मात्र दोघांचं एकमत आहे.

बरं आता तक्रारी, कारण नुसतं कौतुक केलं तर लोक म्हणतील हिला कमिशन मिळालंय.

सगळ्यात मोठी आणि खरंच डेंजर चूक. 'इन' च्या कार्डामागे उदाहरणांत इन्फ्लेमेबल छापलंय आणि अर्थ दिलाय न जळणारा. अहो, पेट्रोलच्या टँकरच्या मागे लिहिलेलं असतं ते! इन्फ्लेमेबल म्हणजे पटकन पेट घेणारा. तिथला इन म्हणजे नाही असा नाहीच, तो लॅटिनचा दुसरा इन आहे, आत, आतमध्ये, इन्फ्लेम म्हणजे पेटवणं त्यावरून आलेला. फ्लेमेबल आणि इन्फ्लेमेबल दोन्हींचा अर्थ एकच आणि लोकांचा घोळ होतो म्हणूनच इशाऱ्याच्या पाट्यांवर आता फ्लेमेबल लिहायला लागलेत. लहान मुलांच्या हातात असं कार्ड देणं म्हणजे कमाल आहे. मी लाल पेनाने फुली मारली.

त्याच कार्डावर इनव्हॅल्युएबल. अर्थ दिलाय, किंमत नसलेला. म्हणजे भंगार? सासूबाई ताडकन म्हणाल्या, अमूल्य! अ अधिक मूल्य, म्हणजे फुकटचं का? नाही, ज्याची किंमत करताच येत नाही असं. मराठी मुलाला हा शब्द समजवायला एका शब्दात काम होतं आणि कार्डवाल्याने तिथेच माती खाल्ली.

दुसरी चूक, 'पेड'. कार्ड म्हणतं पेड म्हणजे पाय, पेडल, पेडेस्ट्रियन. बरोबर. पोराने हिशोब केला, मग पेडिआट्रिशन म्हणजे पायाचा डॉक्टर. मला पण क्षणभर पटलं! पण तो पेड वेगळा, तो ग्रीक, त्याचा अर्थ मूल, आणि पायवाला लॅटिन. दिसायला सारखे, नातं काही नाही, आपल्याकडे एकाच बिल्डिंगमध्ये दोन कुलकर्णी असतात तसं. आणि ऑर्थोपेडिक मधला पेड कुठला सांगा बरं? हाडाचा डॉक्टर, पाय मोडला की जायचं, म्हणजे पाय. चूक! तिथेपण मूलच. ऑर्थो म्हणजे सरळ. १७४१ साली निकोलस आंद्री नावाच्या फ्रेंच डॉक्टरने मुलांची वाकडी हाडं सरळ करण्याच्या विद्येला हे नाव दिलं आणि नंतर ते सगळ्या वयाच्या हाडांना चिकटलं. आमच्या सासूबाई एकाहत्तराव्या वर्षी गुडघा दाखवायला ऑर्थोपेडिककडे जातात, नावाप्रमाणे बघायला गेलं तर बालरुग्ण म्हणून. हे सांगितल्यावर त्या खूश झाल्या.

असलेच आणखी दोन सापळे आहेत, 'होमो' ग्रीकमध्ये सारखा आणि लॅटिनमध्ये माणूस, म्हणून होमोजिनिअस आणि होमो सेपिअन्स यांचा एकमेकांशी संबंध नाही. आणि 'हायपो' म्हणजे खाली, कमी, पण 'हिप्पो' म्हणजे घोडा, हिप्पोपोटेमस म्हणजे नदीतला घोडा. आमच्याकडे हायपोग्लायसेमिया ला, म्हणजे रक्तातली साखर कमी होण्याला, 'साखर खाणारा घोडा' असं नाव पडलंय आता.

तिसरं, 'ईडी' चं लाल कार्ड. उच्चार छापलाय एड. त्यामुळे पोरगं वाचतं वॉक-एड, प्ले-एड, जम्प-एड. सेमीच्या मुलांचा हा ठरलेला घोळ आहे आणि कार्डाने त्यावर शिक्का मारलाय. वॉक्ट, प्लेड, जम्प्ट. पूर्ण इड फक्त शब्द ट किंवा ड ने संपत असेल तेव्हाच, वाँटेड, नीडेड. चार ओळी छापायला जागा होती, तिथे फुलपाखराचं चित्र छापलंय.

आणि सगळ्यात मोठी उणीव अशी की प्रत्येक शब्द फुटत नाही आणि फुटला तरी तुकड्यांची बेरीज अर्थाएवढी येतेच असं नाही, हे डब्यात कुठेच लिहिलेलं नाही. अंडर अधिक स्टँड, खाली उभं राहणं? अंडरस्टँड त्यातून कसं निघणार? हेलिकॉप्टर घ्या, सगळे हेली अधिक कॉप्टर असं फोडतात, हेलिपॅड त्यावरूनच झालं, पण खरी फोड हेलिको म्हणजे मळसूत्रासारखं गोल आणि प्टेर म्हणजे पंख. म्हणजे पी इकडे नाही, तिकडे जायला पाहिजे. हॅमबर्गर मध्ये हॅम नाही, हॅम्बर्ग नावाचं जर्मनीतलं गाव आहे, लोकांनी चुकीच्या जागी सुरी चालवली आणि बर्गर सुटा झाला, आणि आता चीजबर्गर, व्हेजबर्गर सगळं चालू आहे. चुकीच्या कापण्यातून नवीन तुकडा जन्माला येतो आणि तो खरा होऊन बसतो, हे मला फार आवडलं. आपण पण केलंय की, पोस्टपोन मधला पोस्ट काढून प्री लावला आणि प्रीपोन केलं. इंग्रजांना हसू येत असेल पण तो शब्द आता त्यांच्याच डिक्शनऱ्यांत इंडियन इंग्लिश म्हणून बसलाय, आणि फोड एकदम शुद्ध आहे, प्री म्हणजे आधी, पोन म्हणजे ठेवणं.

माझं सगळ्यात लाडकं कार्ड 'टॉम'. अर्थ कापणं. टॉन्सिलेक्टमी मधला एक्टमी म्हणजे कापून बाहेर काढणं, आणि ॲनाटमी म्हणजे कापून बघणं, इथपर्यंत लॅबमुळे ओळखीचं होतं. पण ॲटम! अ अधिक टॉम, न कापता येणारा. अणू आणि टॉन्सिलचं ऑपरेशन एकाच घरातले निघाले. आणि नाव चुकलं बिचाऱ्याचं, १८९७ मध्ये थॉमसन नावाच्या शास्त्रज्ञाने इलेक्ट्रॉन शोधला आणि न कापता येणाऱ्याच्या आत पण काहीतरी आहे हे कळलं. मलेरियाचं तसंच, माल म्हणजे वाईट, आरिया म्हणजे हवा, इटालियनमध्ये खराब हवा, आणि त्याच १८९७ मध्ये रोनाल्ड रॉस नावाच्या डॉक्टरला सिकंदराबादला डासाच्या पोटात मलेरियाचे जंतू सापडले, हवा निर्दोष सुटली. इकडे पुण्यात प्लेग, तिकडे या दोन शब्दांचा निकाल, एकाच वर्षात. पण नावं तशीच राहिली, आणि मी रोज टाईप करते मलेरिया निगेटिव्ह.

क्वालिटी सांगायची राहिली. कागद पातळ आहे, पत्त्यांसारखा कडक नाही, दोन महिन्यांत कोपरे वाकले. निळा रंग हाताला लागत होता सुरुवातीला. डब्याचं झाकण पहिल्या आठवड्यात फाटलं, आता श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात ठेवतो, बरोबर मावतात. एक कार्ड डबल आलं आणि 'बायो' चं आलंच नाही, दुकानात परत गेले तर म्हणाले पॅकिंग आमचं नाही. आत एक खेळाचा कागद आहे, कुठलीही तीन रंगांची तीन कार्डं उचला आणि शब्द बनवा, तो सरळ फेकून द्या. पोराने अन-पोर्ट-मेंट असलं काहीतरी बनवून दहा पॉईंट मागितले, मी देईना म्हणून रुसला. तुकडे लागायला पण क्रम असतो आणि कुणी कुणाशेजारी बसायचं हे ठरलेलं असतं, होपफुलनेस चालतं, होपनेसफुल चालत नाही, आपण 'माणुसकी' म्हणतो, 'कीमाणूस' म्हणत नाही. त्यापेक्षा उलटा खेळ खेळा, पेपरातला किंवा औषधाच्या खोक्यावरचा शब्द घ्या आणि फोडा. आमच्याकडे रविवारी चहाच्या वेळी होतो. पोराने परवा ४५ अक्षरांचा तो फेमस न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिक-वाला शब्द आणला, फुफ्फुसात बारीक सिलिकाची धूळ जाऊन होणारा आजार, आणि सात तुकड्यांत फोडला. त्याला वाटलं आता मी घाबरेन. मी टायपिस्ट आहे, म्हटलं दोनदा टाईप करून दाखवू?

पाचपैकी साडेतीन स्टार. अर्धा चुकांचा कापला आणि एक त्या इन्फ्लेमेबलचा. नर्सिंग, फार्मसी, डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) करणाऱ्या मुलामुलींना तर खूपच कामाचा, कारण त्यांच्या पुस्तकातले दहा-बारा तुकडे कळले की शेकडो शब्द सुटतात. पाचवीच्या खालच्या मुलांना घेऊ नका, कंटाळतील. घेतलात तर सोबत एक बारीक टोकाचं पेन घ्या, मागच्या बाजूला मराठी उदाहरणं स्वतः लिहा, आणि घरात कुणी जुने मराठीचे मास्तर किंवा बाई असतील तर त्यांना शेजारी बसवा. आणि पैसे द्यायच्या आधी दुकानातच 'इन' आणि 'पेड' ही दोन कार्डं उलटून बघा, नवीन छपाईत सुधारली असतील तर मला खाली कळवा, मी दुसरा डबा भाचीसाठी घेईन.